नियुक्त सदस्यांची यादी: मुंबई कौन्सिलपासून कॅनडाच्या सल्लागार मंडळापर्यंत

संसदीय राज्यपद्धतीत वरिष्ठ सभागृहात निवडून न येता बसणाऱ्या सदस्यांविषयी जी चर्चा होते, ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते: अशा जागा मुळात असाव्यात की नसाव्यात, आणि त्या जागांवर नेमलेली माणसे योग्य होती की अयोग्य. या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा टप्पा असतो. नावे कोण गोळा करतो, ती कोणत्या कसोटीवर पारखली जातात, कोणापुढे ठेवली जातात आणि अखेरची स्वाक्षरी करणाऱ्यावर त्या शिफारशीचे बंधन किती, हे सारे या टप्प्यात ठरते, आणि सभागृहाचे पुढचे चारित्र्यही बहुतांशी तेथेच घडते. कायद्याच्या परिभाषेत ज्याला नामनिर्देशन म्हणतात, म्हणजे मतदानाशिवाय घटनात्मक प्रमुखाच्या आदेशाने सदस्यत्व देणे, त्याचा इतिहास या मधल्या टप्प्याच्या बाजूने वाचला, तर भारताविषयी एक महत्त्वाची गोष्ट दिसते. नावे सुचवणारी स्वतंत्र यंत्रणा भारतात एकोणिसाव्या शतकातच अस्तित्वात आली होती, राज्यघटनेच्या पहिल्या आराखड्यातही तिला जागा होती, आणि अंतिम घटनेत मात्र ती उरली नाही. कॅनडाने नेमकी हीच यंत्रणा 2016 साली नव्याने उभी केली. हे दोन प्रवास शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज महाराष्ट्राच्या विधान परिषदेतील राज्यपालनियुक्त बारा जागांवरून अलीकडे झालेल्या वादाचे मूळ नीट उमगत नाही.

मुंबई इलाख्यापुरते पाहिले, तर नियुक्त सदस्यांची परंपरा 1861 च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टपासून सुरू होते. या कायद्याने गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाला केवळ कायदे करण्याच्या कामापुरते काही जादा सदस्य जोडण्याची तरतूद केली. त्यांची संख्या चार ते आठ असावी आणि त्यांतील निदान निम्मे सदस्य सरकारी नोकरीबाहेरचे असावेत, असे बंधन होते. 1862 साली मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरलेल्या पहिल्या कौन्सिलात जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट होते. पुढे विश्वनाथ नारायण मंडलिक, महादेव गोविंद रानडे यांच्यासारखी माणसेही तेथे गेली. ही नावे मोठी आहेत, पण ती निवडणारा एकच होता, तो म्हणजे गव्हर्नर. त्याने कोणाला विचारावे, काय पाहावे, याविषयी कायदा मौन बाळगून होता. शिवाय या सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हते आणि सरकारला प्रश्नही विचारता येत नव्हते, त्यामुळे सरकारच्या पसंतीने आलेल्या माणसाने सरकारला अडचणीत आणण्याचा प्रसंग फारसा उद्भवत नव्हता. मंडलिकांसारख्या स्वतंत्र बुद्धीच्या कायदेपंडिताची नेमणूक झाली, हा त्या पद्धतीचा गुण मानण्यापेक्षा त्या व्यक्तीच्या योग्यतेचा परिणाम मानणे अधिक रास्त होईल.

या पद्धतीत खरा बदल 1892 च्या कायद्याने झाला, आणि तो इतक्या संकोचाने झाला की आज त्याचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. निवडणूक हा शब्दही न वापरता या कायद्याने नेमणुका कोणत्या अटींवर कराव्यात याची नियमावली करण्याची मुभा सरकारला दिली, आणि त्या नियमावलीच्या आधारे काही संस्थांना नावे सुचवण्याचा हक्क मिळाला. मुंबई महानगरपालिका, मुंबई विद्यापीठ, व्यापाऱ्यांची चेंबर, दख्खनचे सरदार, निरनिराळ्या विभागांतील नगरपालिका आणि जिल्हा लोकल बोर्डे अशा संस्थांनी आपापसांत मतदान करून एक नाव ठरवायचे, ते गव्हर्नरकडे पाठवायचे, आणि गव्हर्नरने त्या व्यक्तीची नेमणूक करायची, असा हा क्रम होता. कायद्याच्या दृष्टीने ही शिफारसच होती आणि गव्हर्नर ती नाकारू शकत होता. व्यवहारात मात्र संस्थेने पाठवलेले नाव स्वीकारले जाण्याचाच प्रघात पडला.

या प्रघाताचे फळ लवकरच दिसून आले. 1893 साली महानगरपालिकेच्या शिफारशीने फिरोजशहा मेहता कौन्सिलात आले, 1895 साली मध्य विभागाच्या लोकल बोर्डांनी बाळ गंगाधर टिळकांचे नाव पाठवले आणि सरकारच्या धोरणांवर ‘केसरी’तून सतत टीका करणारा संपादक सरकारच्याच आदेशाने कौन्सिलाचा सदस्य झाला, 1899 साली गोपाळ कृष्ण गोखले याच वाटेने तेथे पोहोचले. याच कायद्याने सदस्यांना अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची आणि प्रश्न विचारण्याची मर्यादित सवलत दिली होती, आणि या तिघांनी ती पुरेपूर वापरली. शिफारस करणारी संस्था आणि नेमणूक करणारा अधिकारी वेगळे झाले, तेव्हा नेमणूक करणाऱ्याला न आवडणारी माणसेही आत येऊ शकली, ही या दीड दशकाच्या अनुभवाची सर्वांत मोलाची शिकवण होय. तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक होत्या. शिफारस करणाऱ्या संस्था मूठभर वकील, व्यापारी, जमीनदार आणि सरदार यांच्या हाती होत्या, आणि शेतकरी, कामगार, स्त्रिया, अस्पृश्य मानला गेलेला समाज यांना त्यांत शिरकावच नव्हता.

या मर्यादेचा अनुभव ज्या व्यक्तीने पुढे प्रत्यक्ष घेतला, तिचा संबंध भारतीय राज्यघटनेशी सर्वांत जवळचा आहे. 1909 आणि 1919 च्या सुधारणांनी निवडणूक उघडपणे मान्य केली, पण ज्या समाजांना मतदानातून प्रतिनिधित्व मिळण्याची शक्यता नव्हती, त्यांच्यासाठी सरकारी नियुक्तीची वाट कायम ठेवली. या वाटेने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कायदेकौन्सिलात आले आणि 1927 पासून पुढील दहा वर्षे तेथे त्यांनी काम केले; महार वतनासंबंधीचे विधेयक त्यांनी 1928 साली याच सभागृहात मांडले. तरीही त्याच वर्षी सायमन कमिशनपुढे त्यांनी दलित वर्गांसाठी जी मागणी ठेवली, ती नियुक्तीची नव्हती, निवडणुकीची होती. सरकारने नेमलेला प्रतिनिधी कितीही समर्थ असला, तरी त्याची पुढची मुदत सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहते, हे नियुक्त सदस्य म्हणून काम करणाऱ्या माणसाइतके दुसऱ्या कोणाला कळणार? पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि नामनिर्देशनाची तरतूद घटनेत इतक्या आखूड स्वरूपात का राहिली याचा विचार करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही.

दरम्यान 1935 च्या कायद्याने मुंबई प्रांतात दोन सभागृहे निर्माण केली. 1937 साली अस्तित्वात आलेल्या विधान परिषदेत एकोणतीस ते तीस सदस्य होते, आणि त्यांतील तीन-चार गव्हर्नरने नेमायचे होते. ही संख्या लहान होती आणि नेमणुकीची पद्धत पुन्हा 1861 च्याच धर्तीवर आली होती, कारण 1892 च्या शिफारस करणाऱ्या संस्थांचे काम आता थेट मतदारसंघांनी घेतले होते. निवडणुकीचे क्षेत्र वाढले हे योग्यच झाले. पण उरलेल्या मोजक्या नियुक्त जागांसाठी नावे सुचवणारे मधले दालन मात्र त्या वाढीत हरवले.

ते दालन घटना समितीत पुन्हा उघडले गेले होते, याची नोंद फार थोड्या ठिकाणी आढळते. केंद्रीय घटना समितीने, म्हणजे संघराज्याच्या रचनेचा आराखडा करण्यासाठी जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने, जुलै 1947 मध्ये सादर केलेल्या अहवालात राज्यसभेसाठी दहापर्यंत सदस्य राष्ट्रपतींनी नामनिर्देशित करावेत असे सुचवले, आणि हे नामनिर्देशन विद्यापीठांशी व वैज्ञानिक संस्थांशी विचारविनिमय करून व्हावे, अशी अट त्याला जोडली. ही अट म्हणजे बीजरूपातील सल्लागार समितीच होती. तिच्यामागे आयर्लंडचा आदर्श होता. आयर्लंडच्या 1937 च्या घटनेने तेथील साठ सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहातील त्रेचाळीस जागा संस्कृती व शिक्षण, शेती, कामगार, उद्योग व व्यापार आणि प्रशासन अशा पाच नामिकांतून, म्हणजे त्या त्या क्षेत्राचे ज्ञान असलेल्या उमेदवारांच्या याद्यांतून, भरण्याची व्यवस्था केली होती. विद्यापीठांना सहा जागा होत्या आणि केवळ अकरा जागा पंतप्रधानांच्या नियुक्तीच्या होत्या. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांनी या घटनेचा बारकाईने अभ्यास केला होता, आणि भारतीय आराखड्यांवर तिचा ठसा अनेक ठिकाणी उमटला आहे.

फेब्रुवारी 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुद्यात राष्ट्रपतींच्या नामनिर्देशनाच्या जागा पंधरा झाल्या आणि त्यांसाठीची क्षेत्रेही विस्ताराने दिली गेली: साहित्य, कला, विज्ञान व शिक्षण यांच्या जोडीला शेती व मत्स्यव्यवसाय, अभियांत्रिकी व वास्तुविद्या, लोकप्रशासन व समाजसेवा. प्रांतांच्या विधान परिषदांसाठी तर अर्ध्या जागा अशाच क्षेत्रनिहाय नामिकांतून भरण्याची कल्पना होती. विचारविनिमयाची अट मात्र या मसुद्यात नव्हती. पुढे 3 जानेवारी 1949 रोजी आंबेडकरांनी मांडलेल्या दुरुस्तीने पंधराच्या जागी बारा जागा झाल्या आणि क्षेत्रांची यादी साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा एवढ्यावर आली. विधान परिषदांच्या नामिकाही गळल्या. त्यांच्या जागी विधानसभा सदस्य, स्थानिक स्वराज्य संस्था, पदवीधर आणि शिक्षक यांचे मतदारसंघ आले आणि साधारण सहाव्या हिश्श्याच्या जागा राज्यपालांच्या नामनिर्देशनासाठी उरल्या. या जागांसाठीच्या क्षेत्रांत सहकारी चळवळीची भर पडली, जी राज्यसभेच्या यादीत नाही.

अंतिम घटनेतील कलम 80 आणि कलम 171 वाचताना एक गोष्ट जाणवते. नामनिर्देशित व्यक्तीला त्या क्षेत्राचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असला पाहिजे, असे घटना सांगते. ते ज्ञान कोणी तपासायचे, याविषयी ती काहीच सांगत नाही. मसुदाकारांनी पात्रता ठेवली आणि परीक्षक काढून टाकला. तो का काढला, याची कारणे अंशतः तत्कालीन घाईत आणि अंशतः संसदीय जबाबदारीच्या तत्त्वात शोधता येतात. राष्ट्रपती आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणार, मंत्रिमंडळ लोकसभेला किंवा विधानसभेला जबाबदार, तेव्हा मंत्रिमंडळावर आणखी एखाद्या संस्थेचा अंकुश कशासाठी, असा तो युक्तिवाद आहे, आणि तो कच्चा नाही. त्यात एवढेच राहून जाते की विचारविनिमय हा अंकुश नसतो. निर्णय मंत्रिमंडळाचाच ठेवूनही, निर्णयापूर्वी कोणाचे म्हणणे ऐकले हे उघड करता येते.

सुरुवातीच्या काळात ही उणीव जाणवली नाही, याचे श्रेय पहिल्या पिढीच्या निवडीला द्यावे लागते. 1952 साली राज्यसभेत नामनिर्देशित झालेल्यांत भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस, शिक्षणतज्ज्ञ झाकीर हुसेन, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल, कवी मैथिलीशरण गुप्त, नट पृथ्वीराज कपूर आणि साताऱ्यात जन्मलेले, गुजराती साहित्यात नाव मिळवलेले काका कालेलकर होते. त्यानंतरच्या काही वर्षांत धर्मशास्त्राचे इतिहासकार पांडुरंग वामन काणे, नाटककार मामा वरेरकर आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ही मराठी माणसे तेथे गेली. हे सदस्य कोणत्याही पक्षाचे प्रतिनिधित्व करत नसून देशातील साहित्य, कला व विद्या यांच्या उंचीचे प्रतिनिधित्व करतात, अशा आशयाची मांडणी नेहरूंनी 1953 साली लोकसभेत केली होती. महाराष्ट्राच्या विधान परिषदेनेही या परंपरेत मानाने भर घातली. ग. दि. माडगूळकर साठच्या दशकात तेथे होते. 1978 साली ना. धों. महानोर आले आणि कवितेइतकेच शेती व पाणी या विषयांवर बोलत राहिले. रानात राबणारा कवी साहित्याच्या जागेवर येऊन जलसंधारणावर बोलतो, तेव्हा नामनिर्देशनाच्या तरतुदीचे प्रयोजन पूर्णपणे सिद्ध होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु त्याच 1952 सालात तरतुदीचा दुसरा चेहराही दिसला होता. मद्रास राज्यात काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले नाही, तेव्हा निवडणूक न लढवलेल्या चक्रवर्ती राजगोपालाचारींना राज्यपाल श्रीप्रकाश यांनी विधान परिषदेवर नेमले आणि ते मुख्यमंत्री झाले. त्या नियुक्तीविरुद्ध न्यायालयात दाद मागितली गेली, पण ती फेटाळली गेली. त्याच वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाने विधान परिषदेवरील नामनिर्देशन राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करायचे आहे, असा निर्णय दिला. या दोन घटनांनी पुढची दिशा निश्चित केली. सदस्य निवडण्याचा अधिकार व्यवहारात मुख्यमंत्र्यांच्या हाती आला आणि मंत्रिमंडळातील वाटपाची, पक्षांतर्गत समजुतीची, निवडणुकीत पडलेल्यांच्या पुनर्वसनाची गणिते या जागांवर मांडली जाऊ लागली. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने तर नामनिर्देशित सदस्याला शपथेनंतर सहा महिन्यांच्या आत एखाद्या पक्षात जाण्याची मुभा दिली, आणि पक्षातीत असणे हा ज्या जागेचा आधार होता, तिच्यासाठी पक्षप्रवेशाची मुदत कायद्यानेच आखून दिली.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडच्या कॅनडात नियुक्त सदस्यांचा प्रश्न याहून गंभीर झाला होता, कारण तेथील सेनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, संपूर्णपणे नियुक्त आहे. 1867 च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका ॲक्टने ते निर्माण केले तेव्हा त्यात बहात्तर जागा होत्या: ओंटारिओला चोवीस, क्वेबेकला चोवीस आणि अटलांटिक किनाऱ्यावरील दोन प्रांतांना मिळून चोवीस. लहान प्रांतांना कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येमुळे जे कमी मिळणार होते, त्याची भरपाई येथे होती, आणि ही तडजोड झाली नसती तर संघराज्यच झाले नसते. सदस्यांचे वय निदान तीस वर्षे, मालमत्ता चार हजार डॉलर आणि वास्तव्य संबंधित प्रांतात, एवढ्या अटी होत्या. नेमणूक गव्हर्नर जनरलने करायची होती, म्हणजे प्रत्यक्षात पंतप्रधानांनी. सदस्यत्व प्रारंभी आजीव होते; 1965 साली निवृत्तीचे वय पंचाहत्तर ठरले. आज जागा एकशे पाच आहेत आणि चार हजार डॉलरची अट अजूनही तशीच आहे. 1997 साली नोव्हा स्कोशिया प्रांतातून पेगी बट्स या ख्रिस्ती जोगिणीची नेमणूक झाली, तेव्हा अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या त्या बाईंना ही अट पुरी करता यावी म्हणून त्यांच्या संघाला जमिनीचा एक तुकडा त्यांच्या नावावर करावा लागला होता.

कायद्यातील ‘पात्र व्यक्ती’ या शब्दांत स्त्रिया येतात की नाही, हा वाद 1927 साली आल्बर्टातील पाच स्त्रियांनी उपस्थित केला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1928 साली नकार दिला, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 18 ऑक्टोबर 1929 रोजी तो निर्णय फिरवला, आणि पुढच्याच वर्षी केरीन विल्सन पहिल्या महिला सेनेटर झाल्या. हा मोठा विजय होता. तरी ज्या पाच जणींनी लढा दिला, त्यांच्यापैकी एकीचीही नेमणूक झाली नाही. दार उघडले, पण आत कोणाला घ्यायचे हे पूर्वीप्रमाणेच पंतप्रधानांच्या हाती राहिले.

या अधिकाराचा राजकीय वापर किती सहज होऊ शकतो, ते 1990 साली दिसले. वस्तू व सेवा कराचे विधेयक सेनेटमध्ये अडले, तेव्हा पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी घटनेतील क्वचित वापरल्या जाणाऱ्या तरतुदीचा आधार घेऊन आठ जादा सदस्य नेमले आणि विधेयक मंजूर करून घेतले. पुढे 2012 नंतर काही सेनेटरांच्या भत्त्यांचे व निवासखर्चाचे प्रकरण गाजले आणि सभागृहाची प्रतिष्ठा रसातळाला गेली. तत्कालीन सरकारने सल्लामसलतीच्या स्वरूपातील निवडणुका घेण्याचा विचार न्यायालयापुढे ठेवला. त्यावर एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा निवडणुकांसाठी घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे निम्मी लोकसंख्या असलेल्या निदान सात प्रांतांची संमती लागेल, आणि सेनेट रद्द करायचे तर सर्व प्रांतांची. दोन्ही गोष्टी जवळजवळ अशक्य होत्या. सुधारणेची एकच वाट मोकळी उरली. नेमणूक गव्हर्नर जनरलने करायची हे घटनेत लिहिलेले आणि नाव पंतप्रधानांनी सुचवायचे हे प्रथेने ठरलेले असले, तरी ते नाव पंतप्रधानांपर्यंत कसे पोहोचते, हे कोठेच लिहिलेले नव्हते.

नव्या पंतप्रधानांनी, जस्टिन ट्रुडो यांनी, हीच मोकळी जागा वापरली. जानेवारी 2016 मध्ये मंत्रिमंडळाच्या आदेशाने सेनेट नियुक्त्यांसाठी स्वतंत्र सल्लागार मंडळ स्थापन झाले, आणि ज्येष्ठ सनदी अधिकारी ह्युगेट लाबेल त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. मंडळाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. अध्यक्ष धरून तीन सदस्य केंद्राचे असतात आणि ज्या प्रांतातील जागा रिकामी असेल त्या प्रांताचे दोन सदस्य त्या निवडीपुरते त्यांत सामील होतात. प्रत्येक रिकाम्या जागेसाठी मंडळ पाच नावे पंतप्रधानांना सुचवते. पंतप्रधानांवर ती बंधनकारक नाहीत. पक्षीय निष्ठेपलीकडे जाऊन काम करण्याची क्षमता, कायदे करण्याच्या प्रक्रियेचे आणि घटनेतील सेनेटच्या स्थानाचे ज्ञान, सचोटी, आणि आपापल्या क्षेत्रातील सिद्ध कर्तृत्व, हे निकष जाहीर केलेले आहेत. स्त्री-पुरुष समतोल, मूळनिवासी समाज आणि भाषिक अल्पसंख्य यांचाही विचार व्हावा असे त्यांत नमूद आहे.

पहिल्या सात नेमणुका मार्च 2016 मध्ये जाहीर झाल्या. मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर, पॅरालिम्पिक विजेत्या शांताल पेतिक्लेर, पत्रकार आंद्रे प्रात आणि अमृतसरमध्ये जन्मलेल्या, स्थलांतरितांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या रत्ना ओमिदवार ही त्यांतील नावे होत. त्याच वर्षीच्या जुलैपासून कोणत्याही पात्र नागरिकाला स्वतः अर्ज करता येऊ लागला, आणि पहिल्याच फेरीत अडीच हजारांहून अधिक अर्ज आले. सेनेटमध्ये स्वतंत्र सदस्यांचा गट तयार झाला आणि काही वर्षांत तोच सर्वांत मोठा गट ठरला. जून 2016 मध्ये वैद्यकीय साहाय्याने मृत्यू पत्करण्याविषयीच्या विधेयकात सेनेटने महत्त्वाच्या दुरुस्त्या सुचवल्या. कनिष्ठ सभागृहाने त्यांतील मुख्य दुरुस्ती नाकारली, तेव्हा निवडून आलेल्या सभागृहाचा शब्द अखेरचा मानून सेनेटने माघार घेतली. नियुक्त सभागृहाने आपले मत ठामपणे मांडावे आणि मग थांबावे, ही मर्यादा त्या प्रसंगी पाळली गेली.

या मंडळाचे दोषही लपवण्याचे कारण नाही. शिफारस केलेली पाच नावे प्रसिद्ध होत नाहीत, त्यामुळे पंतप्रधानांनी कोणाला डावलले हे कळत नाही. मंडळाचे सदस्य सरकारच नेमते. पुढच्या वर्षांत नेमलेल्या काही जणांचे सत्ताधारी पक्षाशी जुने संबंध असल्याची टीका झाली. आणि आल्बर्टा प्रांताने 2021 साली मतदानाने निवडलेल्या उमेदवारांऐवजी 2024 साली मंडळाच्या वाटेने दुसरेच सदस्य नेमले गेले, तेव्हा त्या प्रांताच्या सरकारने जोरदार हरकत घेतली. आदेशाने जन्मलेले मंडळ आदेशानेच रद्द होऊ शकते, हाही दुबळेपणा आहेच. ब्रिटनमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्ससाठी 2000 साली नेमलेल्या नियुक्ती आयोगाचा अनुभवही संमिश्र आहे. पक्षांबाहेरच्या व्यक्तींची निवड तो स्वतः करतो, पण पक्षांनी सुचवलेल्यांच्या बाबतीत केवळ चारित्र्याची छाननी करतो, आणि 2020 साली तेथील पंतप्रधानांनी त्याचा प्रतिकूल अभिप्राय बाजूला सारून नेमणूक केली. तरी तो अभिप्राय डावलला गेला हे सर्वांना कळले, कारण तो देणारी संस्था अस्तित्वात होती.

महाराष्ट्रात कमतरता होती ती अशा संस्थेचीच. अठ्ठ्याहत्तर सदस्यांच्या विधान परिषदेतील राज्यपालनियुक्त बारा जागा जून 2020 मध्ये रिकाम्या झाल्या. 6 नोव्हेंबर 2020 रोजी तत्कालीन मंत्रिमंडळाने बारा नावे राज्यपालांकडे पाठवली. राज्यपालांनी ती स्वीकारली नाहीत आणि परतही पाठवली नाहीत. 13 ऑगस्ट 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मंत्रिमंडळाची शिफारस स्वीकारणे किंवा परत करणे यांपैकी एक गोष्ट वाजवी मुदतीत करणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, आणि लोटलेले आठ महिने हा वाजवी काळ म्हणता येणार नाही. घटनेनुसार राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्याने त्यांना आदेश मात्र देता आला नाही. 2022 साली सरकार बदलले, नव्या सरकारने जुनी यादी मागे घेतली, वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या तोंडावर, बारांपैकी सात जागा भरल्या गेल्या. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांच्यासाठी राखलेली आसने चार वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली.

या साऱ्या वादात राज्यपालांचा विलंब आणि मंत्रिमंडळाचा अधिकार यांवर भरपूर युक्तिवाद झाला. यादी कशी तयार झाली, हे न्यायालयाला विचारण्याचे कारणच पडले नाही. उत्तर प्रदेशात 2015 साली राज्यपाल राम नाईक यांनी सरकारने पाठवलेल्या नऊ नावांपैकी चारच मान्य केली आणि उरलेल्यांच्या पात्रतेविषयी शंका काढली, तेव्हा तो प्रश्न ओझरता पुढे आला होता. पण राज्यपालाने एकट्याने परीक्षक होणे हा 1861 च्या गव्हर्नरकडे परत जाण्याचा मार्ग आहे, आणि केंद्राने नेमलेल्या राज्यपालावर पक्षपाताचा आरोप होण्याची शक्यता त्यात नेहमीच राहते.

कॅनडाच्या अनुभवातून महाराष्ट्राला घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या मंडळाचे कायदेशीर रूप. ते घटनादुरुस्तीने आले नाही आणि पंतप्रधानांचा अधिकारही त्याने कमी केला नाही. कलम 171 मध्येही असे काही नाही, ज्यामुळे राज्य मंत्रिमंडळाला शासन निर्णयाद्वारे अशी समिती नेमता येणार नाही. सल्ला अखेर मंत्रिमंडळाचाच राहील, फक्त त्यापूर्वी समितीने मागवलेली आणि छाननी केलेली नावे त्याच्यापुढे असतील. विद्यापीठे राज्यात आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळ 1960 पासून आहे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या अध्यक्षाने त्याचा पाया घातला आहे. विज्ञान आणि समाजसेवा या क्षेत्रांतही नावे सुचवू शकतील अशा संस्था मिळतील. अडचण सर्वांत मोठी असेल ती सहकाराच्या जागांची. साखर कारखाने, जिल्हा बँका आणि दूध संघ यांचे नेतृत्व करणारी माणसे बहुधा स्वतःच विधिमंडळात किंवा पक्षांच्या नेतृत्वात असतात, आणि ज्या क्षेत्राचे कर्ते व राज्यकर्ते एकच आहेत त्या क्षेत्रातून पक्षातीत नाव सुचवण्याचे काम कोणत्या संस्थेकडे सोपवायचे, हे ठरवल्याशिवाय अशा समितीची रचना पुरी होऊ शकणार नाही.